वारेचा रिपोर्ट: एका गर्भारपणाचा सात वर्षांचा मागोवा

हे प्रकरण आई-बाबांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. आई, बाबा, आजी (म्हणजे आईची आई) आणि मुलगी, एवढंच. मी बालरोगतज्ज्ञ. जोखमीच्या गर्भारपणात आमच्या टीमला बाळ जन्मायच्या आधीच बोलावतात, त्यामुळे या घराशी माझी ओळख मुलीच्याही आधीची आहे. त्याआधीचं जे इथे येतं, ते केसपेपरवरून आणि आईने नंतर सांगितल्यावरून.

पार्श्वभूमी

आई तेव्हा ३१ वर्षांची होती आणि हे तिचं पहिलंच गर्भारपण. त्याआधी नैराश्याने तिला दोनदा गाठलं होतं. दुसऱ्या वेळेपासून ती रोज सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध १०० मिलिग्रॅम घेत होती आणि दोन वर्षं तब्येत उत्तम होती. झोप, जेवण, नोकरी सगळं मार्गी लागलेलं. पाळी चुकली, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या आणि त्याच रात्री तिने गोळ्यांची स्ट्रिप कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकून दिली. कुणाला विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही.

पहिल्या तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ तिने लिहिलं, ‘नाही’. ते खरंच होतं. गोळी बंद होऊन दहा दिवस झाले होते. जुना आजार नोंदवायची जागा तिने कोरी सोडली आणि कुणीही तिथे बोट ठेवून विचारलं नाही. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी ‘बाकी सगळं ठीक ना?’ असं विचारलं. ती ‘हो’ म्हणाली. असा प्रश्न विचारला की उत्तर ‘हो’च येतं.

अडचण कशी लक्षात आली

चोविसाव्या आठवड्यात तिचं वजन सुरुवातीपेक्षा जेमतेम दोन किलोने वाढलं होतं. पण धागा हाती लागला तो वजनावरून नाही. सोनोग्राफीच्या वेळी बहुतेक बायका मान वळवून पडद्याकडे बघतात. ठोके ऐकू आले की हसतात, काही रडतात. ही छताकडे बघत पडून होती. जेल पुसायला दिलेला कागद तिने हातात धरून ठेवला, पुसलं नाही. तिथल्या सिस्टरने केसपेपरच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, ‘पडद्याकडे बघत नाही. विचारणे.’ या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं निदान मी याच ओळीला मानते.

त्याच दिवशी तिला एडिनबर्ग प्रश्नावली भरायला दिली. दहा प्रश्न, जास्तीत जास्त ३० गुण. १३ किंवा त्याहून जास्त आले की नैराश्याची शक्यता बळकट धरतात. तिचे गुण आले १९. स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलच्या दहाव्या प्रश्नावर तिने ‘अगदी क्वचित’वर खूण केली होती. त्या खुणेमुळे तिला घरी जाऊ देण्याआधीच मनोविकारतज्ज्ञांना बोलावलं, बाबांना बोलावून घेतलं आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून दिलं.

मी तिला पहिल्यांदा भेटले ते दोन दिवसांनी. तिने भरपूर वाचलं होतं. आईच्या मनावरच्या ताणाने बाळाच्या मेंदूची जडणघडण बदलते, पुढे त्याला चिंता, मधुमेह, हृदयविकार होऊ शकतो, हे सगळं. ती म्हणाली, “डॉक्टर, गोळी घेतली तरी दोष माझाच, नाही घेतली तरी माझाच. मी बाळाचं आयुष्य आधीच बिघडवलंय का, तेवढं सांगा.”

मी चुकले ते इथे. तिने एका वाक्यात विचारलं आणि मी वीस मिनिटं व्याख्यान दिलं. १९८६ मध्ये डेव्हिड बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या बालमृत्यूंचा आणि त्याच भागांत काही दशकांनी दिसलेल्या हृदयविकाराचा कसा मेळ घातला, हर्टफर्डशायरमध्ये सुईणींनी १९११ पासून नोंदवलेली जन्माची वजनं कशी कामी आली, कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त प्रमाणात का गेली. माहिती सगळी बरोबर होती. ऐकता ऐकता ती खुर्चीत मागे मागे सरकत गेली.

दुसरी भेट

आठवडाभराने मी पुन्हा बसले आणि या वेळी आकडे तिच्या प्रश्नाच्या बाजूने मांडले.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जर्मन नाकेबंदीमुळे अन्न मिळेनासं झालं, काही काळ माणशी दिवसाचा शिधा हजार कॅलरीच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्यांचा मागोवा पुढे अनेक दशकं घेतला गेला. त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते वेळेबद्दल. ज्यांना उपासमार पहिल्या महिन्यांत लागली, ती जन्मताना वजनाने फारशी कमी नव्हती, पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. ज्यांना शेवटच्या महिन्यांत लागली, ती बारीक जन्मली आणि पुढे त्यांची साखर नीट आटोक्यात राहीना. ज्या वेळी जो अवयव घडत असतो, त्याच्यावर त्या वेळचा ठसा उमटतो. गर्भधारणेच्या सुमाराला उपासमार झालेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

याच गटात स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. ‘दुप्पट’ हा शब्द तिने वाचला होता आणि तोच तिला झोपू देत नव्हता. मी कागदावर शंभर ठिपके काढले. एरवी साधारण शंभरात एकाला हा आजार होतो, म्हणून एका ठिपक्याभोवती गोल काढला, मग दुसऱ्याभोवती. “ही दुप्पट,” म्हटलं. “आणि हे उरलेले अठ्ठ्याण्णव. इतक्या भयंकर उपासमारीतूनही त्यांना हा आजार झाला नाही.” ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. तो कागद तिने घरी नेला.

दुसरं सांगितलं ते कॅनडातल्या क्वेबेकचं. जानेवारी १९९८ मध्ये तिथे बर्फाच्या वादळाने वीज गेली, काही घरांत ती महिन्याहून जास्त काळ आली नाही. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा अभ्यास झाला. ज्या आयांना वादळाची झळ जास्त बसली, त्यांच्या मुलांची दोन वर्षांच्या वयातली भाषा आणि समज सरासरीने थोडी मागे होती. म्हणजे परिणाम होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वादळ त्या बायकांनी आणलं नव्हतं. नेदरलँड्समधली नाकेबंदीही तिथल्या आयांनी लावली नव्हती. आणि नैराश्यही तिने ओढवून घेतलेलं नव्हतं. या शास्त्राचा पाया ज्या अभ्यासांवर उभा आहे, त्यांतल्या एकाही आईने काही ‘केलेलं’ नव्हतं. तरी ते आयांना दोष द्यायला सर्रास वापरलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

पर्याय आणि निर्णय

मनोविकारतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ, आई-बाबा आणि मी असे एकत्र बसलो. नुसतं समुपदेशन, समुपदेशन आणि जुनंच औषध, किंवा बाळंतपण होईपर्यंत थांबणं, अशा तीन वाटा होत्या.

आईचा ओढा नुसत्या समुपदेशनाकडे होता. नैराश्य सौम्य असतं तर आम्हीही तेच म्हटलं असतं. पण १९ गुण, दहाव्या प्रश्नावरची ती खूण आणि पूर्वीचे दोन प्रसंग यांच्याकडे काणाडोळा करता येत नव्हता. पुन्हा पुन्हा नैराश्य आलेल्या बायकांच्या २००६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, गर्भारपणात औषध बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के जणींचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के जणींचा.

औषधाची बाजूही झाकून ठेवली नाही. शेवटच्या महिन्यांत सर्ट्रालीनच्या गटातलं औषध घेतलं तर साधारण दहातल्या तीन बाळांना जन्मानंतर थरथर, चिडचिड, दूध ओढायला त्रास असं काही होऊ शकतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत आपसूक जातं. फुप्फुसांच्या रक्तदाबाचा एक गंभीर विकार एरवी हजारी दोनाच्या आसपास दिसतो, तो हजारी तीनाच्या आसपास जातो. आणि उपचार न झालेल्या नैराश्यातही दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. आईचं शरीर जे कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बनवतं, त्यातलं बरंचसं वारेतलं (प्लॅसेंटातलं) एक एन्झाइम बाळापर्यंत पोचण्याआधीच निष्प्रभ करतं. पण आईची चिंता वाढलेली असेल तर हा पहारा सैल पडतो, असं दिसून आलं आहे. गोळी न घेणं म्हणजे बाळाला कशाचाच संपर्क नाही, हा तिचा समज होता, तो इथे सुटला.

बाबांनी विचारलं, “तुमची स्वतःची बहीण असती तर?” मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, “आजच सुरू केली असती.” २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत १०० वर आणलं, सोबत दर आठवड्याला समुपदेशन. तिसाव्या आठवड्यात गुण ११ वर आले.

मग बाळाची वाढ मंदावली

त्याच आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ वयाच्या मानाने लहान निघालं. शंभर बाळं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने ठेवली तर हे पाचवं. पोटाचा घेर त्याहून मागे. डोकं मात्र जवळपास बरोबर, कारण रक्त कमी पडलं की बाळ ते आधी मेंदूकडे वळवतं आणि पोटाकडचं आखडतं. डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, नाळेतल्या रक्ताला होणारा अडथळा वाढलेला होता, पण प्रवाह थांबलेला नव्हता.

आईला वाटलं, गोळीमुळे. आजीला वाटलं, जेवत नव्हती म्हणून. मी तेव्हा फक्त इतकंच म्हणाले, की कारण वारेत असण्याची शक्यता जास्त आहे. गर्भपिशवीतल्या रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला भरपूर रक्त देऊ लागतात, ते काम साधारण पाचव्या महिन्यापर्यंत उरकतं. तेव्हा जे राहून जातं, ते सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची भूक वाढली की दिसायला लागतं.

खरी ओढाताण झाली ती चौतिसाव्या आठवड्यात. वाढ आणखी मागे पडली होती. एक मत असं, की आत उपाशी ठेवण्यापेक्षा बाहेर काढू. दुसरं असं, की प्रवाह सुरू आहे, ठोके चांगले आहेत, थांबू. मी दुसऱ्या बाजूची होते. मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर आयुष्यात एकही नवी तयार होत नाही. या सुमाराला मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. आतला एकेक आठवडा मोलाचा होता, पण आत राहणं सुरक्षित असेल तोवरच. आठवड्यातून दोनदा डॉप्लर आणि ठोक्यांची नोंद, आणि हालचाल कमी वाटली तर दिवस-रात्र न बघता यायचं, असं ठरलं. ती एकदा पहाटे तीनला आली. सगळं ठीक होतं. सिस्टरने तिला “उगीच आलात” म्हटलं नाही. चहा दिला आणि उजाडेपर्यंत बसवून घेतलं.

जन्म

३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायचं औषध दिलं. नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, २०१० ग्रॅम, लांबी ४५ सेंटिमीटर, डोक्याचा घेर ३२. रडली लगेच. पहिल्या दिवशी साखर दोनदा खाली गेली, दूध लवकर लवकर पाजून ती सावरली. दोन दिवस हातपाय थरथरत होते. साखरेमुळे की औषधामुळे, तर दोन्हींचा वाटा असावा. आईला ही शक्यता आधीच सांगून ठेवलेली होती, म्हणून ती घाबरली नाही. तिने मुलीला उघड्या छातीशी धरून ठेवलं आणि थरथर थांबल्याचं आम्हाला तिनेच सांगितलं. औषध चालू ठेवून अंगावर पाजलं. सर्ट्रालीन दुधात फार कमी उतरतं. सहाव्या दिवशी घरी गेली.

घरी गेल्यानंतर

‘पोरगी भरत का नाही?’ हा आजीचा प्रश्न वर्षभर प्रत्येक भेटीत आला. तिच्या काळजीत चूक काही नव्हती, पण उपाय वरच्या दुधाचा डबा हा होता आणि तो मी अडवला. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून केलेल्या अभ्यासात आढळलं, की तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने खूप कमी होती, पण कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानाने राखलेली होती. बारीक बाळ म्हणजे चरबी नसलेलं बाळ नव्हे. आणि पूर्ण दिवसांच्या पण लहान बाळांना जास्त पोषक केलेलं पावडरचं दूध दिलं, त्या गटात सहा ते आठ वर्षांच्या वयात खालचा रक्तदाब जास्त निघाला. म्हणून आम्ही लांबी आणि डोक्याचा घेर यांवर नजर ठेवली. ते दोन्ही छान वाढत होते. वजन सावकाश मागून आलं.

पाचव्या महिन्यात आईचं नैराश्य पुन्हा डोकावलं. बाबांकडे तिनेच लिहून दिलेल्या तीन खुणा होत्या: बाळ झोपलं तरी ती जागी असते, अंघोळ टाळते, बहिणीचा फोन उचलत नाही. तीनपैकी दोन दिसल्यावर त्यांनी फोन केला. डोस १५० केला, रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर बाबांनी घेतलं. दोन आठवड्यांत ती सावरू लागली.

आज

मुलगी सात वर्षांची आहे. उंची-वजन वयाच्या मर्यादेत, रक्तदाब दर वर्षी मोजतो, आजवर बरोबर. तो पुढेही मोजत राहू, कारण लहान जन्मलेल्यांच्या मूत्रपिंडात गाळण्या कमी असू शकतात. दोन वर्षांची असताना तिला सुमारे तीसच शब्द येत होते आणि ती दोन शब्द जोडत नव्हती. ऐकण्याची तपासणी व्यवस्थित आली, वाचा-उपचार आठ महिने चालले, चौथ्या वर्षी ती बरोबरीच्या मुलांसारखी बोलत होती. नव्या जागी रुळायला तिला वेळ लागतो, नवा वर्ग असला की काही आठवडे पोट दुखतं. हे गर्भातलं, रक्तातून आलेलं, की तिचा स्वभाव, ते वेगळं काढता येत नाही. शिक्षकांना माहीत आहे, आणि पोट दुखलं की कुणाकडे जाऊन बसायचं ते तिला माहीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

फॉर्मवरचा प्रश्न आम्ही बदलला. आता विचारतो, ‘गेल्या वर्षभरात कोणतं औषध घेत होतात? ते केव्हा आणि का थांबवलं?’ एडिनबर्ग प्रश्नावली पहिल्याच भेटीत देतो. ती तेव्हा दिली असती तर साडेतीन महिने वाचले असते.

माझं ते वीस मिनिटांचं व्याख्यान टाळता आलं असतं. घाबरलेल्या माणसाला आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं.

पण मला सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट वेगळीच. वार तपासणीला पाठवली होती. रिपोर्ट तीन आठवड्यांत आला. आईकडून वारेला होणारा रक्तपुरवठा सुरुवातीपासून अपुरा असल्याच्या स्पष्ट खुणा त्यात होत्या, रक्ताअभावी मेलेल्या पेशींचे छोटे भाग होते. बाळ लहान राहण्याचं मुख्य कारण लेखी, फाईलमध्ये होतं. उपचार बदलणार नव्हता, म्हणून तो कुणी तिला वाचून दाखवला नाही, मीही नाही. चौथ्या महिन्यातल्या लसीच्या वेळी फाईल चाळताना तो माझ्या हाती लागला आणि मी सहज सांगितला. ती उभी होती, ती खाली बसली. “म्हणजे मी जेवले नाही म्हणून नाही?” तिने विचारलं. नैराश्याने भर घातलीच नसेल असं म्हणता येणार नव्हतं, आणि मी म्हटलंही नाही. पण मुख्य कारण ते नव्हतं. चार महिने ती रोज रात्री मुलीचं मनगट दोन बोटांत धरून जाडी बघायची आणि स्वतःला बोल लावायची, हे मला त्या दिवशी कळलं. पाचव्या महिन्यातलं दुखणं यामुळे टळलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दोन महिन्यांपूर्वी आई-बाबा पुन्हा आले, दुसऱ्या मुलाचा विचार करत होते. आईने पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. “ही चालू आहे. बंद केलेली नाही. आता काय करायचं ते सांगा.” मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. फॉलिक ॲसिड तेव्हाच सुरू केलं, कारण बाळाच्या मज्जासंस्थेची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, दिवस राहिल्याचं पुरतं कळायच्या आत. मागच्या वेळच्या वारेमुळे या वेळी सोळाव्या आठवड्याच्या आधी ॲस्पिरिनचा छोटा डोस सुरू करायचा, हे प्रसूतितज्ज्ञांनी लिहून दिलं. रक्तदाब, वजन, सगळं नोंदवून झाल्यावर ती उठली आणि दारातून मागे वळून म्हणाली, “आणि डॉक्टर, या वेळी वारेचा रिपोर्ट आला की आधी मला फोन करा.” मी तिच्यासमोरच ते फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं.